सीहोन आधी, मग ओग

सोमवार, ३ मार्च

सासूबाईंच्या गळ्यातली गाठ काढायचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, घाबरण्यासारखं काही नाही. फक्त आवाजाची नस अगदी तिच्या शेजारून जाते. ती दुखावली तर आवाज बसेल. कधी महिन्याभरात परत येतो, कधी घोगरा राहतो, आणि कधी कधी... इथे त्यांनी टेबलावरचं पेन उचलून पुन्हा तिथेच ठेवलं.

सासूबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "वाढदिवसाच्या रविवारच्या आधी की नंतर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणाचा वाढदिवस?"

"आमच्या चर्चचा," मी म्हटलं. "मार्चचा शेवटचा रविवार. त्या दिवशी आई स्तोत्र म्हणतात."

तेवढ्यानं डॉक्टरांना काय कळणार? ते स्तोत्र असं आहे, की पुढे उभा राहणारा देवाचं एकेक काम गातो. त्यानं आकाश केलं, पृथ्वी पाण्यावर पसरली, आपल्या लोकांना गुलामीतून सोडवलं, समुद्र दुभागला. आणि प्रत्येक कामावर सगळी मंडळी एका सुरात उत्तर देते, "त्याची दया सरत नाही." काम, उत्तर, काम, उत्तर, चांगलं लांबलचक. माझ्या लग्नाच्या आधीपासून पुढे उभ्या राहणाऱ्या सासूबाईच.

"आधी," डॉक्टर म्हणाले. "पुढे ढकलण्यात अर्थ नाही."

बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हटलं, "आई, बरं वाटेल हो." त्या म्हणाल्या, "यंदा तू म्हणायचंस." मी म्हटलं, "काय?" तर म्हणे, "आता ऐकूही येत नाही का तुला?"

मंगळवार, ४ मार्च

मीच का? नणंद उत्तम गाते. लहानपणापासून शिकली आहे, तिच्या आवाजावर माणसं मान डोलवतात. मी गायला लागले की नवरा रेडिओ लावतो आणि त्याचा आवाज वाढवतो.

माझा तर्क असा, की सासूबाईंना आपली आठवण निघायला हवी आहे. नणंद गायली तर लोक म्हणतील, वा, लेक आईच्या वर गेली. मी गायले तर म्हणतील, काय त्या माउलीचा आवाज होता! सरळ हिशेब आहे. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "तू आईला फार हुशार समजतेस." हा माणूस तिच्याच पोटचा आहे यावर कधी कधी विश्वास बसत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

शिकवणी सुरू झाली. दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे मी डोळे तपासते. सासूबाई तपासायच्या खुर्चीत बसतात, कारण आमच्या अख्ख्या दुकानात आणि घरात ती एकच खुर्ची पाठीला बरी आहे. मी अक्षरांच्या फळ्यासमोर उभी. गिऱ्हाईक आलं की मी बाहेर येते आणि गिऱ्हाईक विचारतं, "आत कोणाला काही झालंय का?"

मधले राजे मला जमत नाहीत. अमोऱ्यांचा राजा सीहोन आणि बाशानचा राजा ओग, दोघांनाही देवानं मारलं. मी दर वेळी ओगला आधी मारते.

"सीहोन आधी," सासूबाई म्हणतात. "मग ओग."

"काय फरक पडतो आई? दोघेही मेलेच ना?"

"ओगला विचार."

लेक दप्तर टाकून आत आली आणि म्हणाली, "बिचारा ओग. इतकी हजार वर्षं झाली आणि हे लोक त्याला दर मार्चमध्ये मारतायत." सासूबाई हसल्या. ओगचा पलंग लोखंडी होता आणि प्रचंड मोठा होता, असं त्यांनी तिला सांगितलं. मी इतकी वर्षं त्यांच्या घरात आहे, मला हे कोणी सांगितलं नाही.

राजे संपल्यावर एक ओळ येते: आम्ही खाली पडलो तेव्हा त्यानं आमची आठवण ठेवली. तिथे त्यांनी मला थांबवलं.

"बघ, इथवर सगळं त्यांचं. त्यांचा समुद्र, त्यांचं रान, त्यांचे राजे. या ओळीत पहिल्यांदा 'आम्ही' येतं. म्हणजे इथे दार उघडं आहे. आपण इथून आत शिरायचं."

मला ठाऊक होतं त्या काय म्हणतायत. दर वर्षी त्या इथे एक जादा ओळ घालतात. चाल तीच, भाषा तशीच, पण शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, नसलेली. त्या वर्षी मंडळीतल्या कोणावर तरी आलेलं आणि टळलेलं संकट. मंडळी पोपटासारखी उत्तर देत असते, तिला पत्ताच लागत नाही.

"मला माहीत आहे ते," मी म्हटलं.

"मला माहीत आहे तुला माहीत आहे. तू हसली होतीस. लग्न झालं त्या वर्षी. हातरुमालात तोंड घालून."

वीस वर्षं! वीस वर्षं या बाईनं ते मनात ठेवलं आहे. म्हणजे ही शिक्षा आहे तर.

यंदाची ओळ मी शोधायची. त्यांना आधी सांगायची नाही. नियम दोन. स्वतःबद्दल म्हणायचं नाही. आणि झालेलंच म्हणायचं. "होईल, व्हावं, कर रे देवा, ते सगळं प्रार्थनेत. गाणं झालेल्याचं असतं."

रविवार, ९ मार्च

चर्चमध्ये बातमी पसरली. प्रार्थनेनंतर दाखलाबाईंनी मला गाठलं. या निवृत्त मुख्याध्यापिका. कोणी काहीही म्हटलं की त्या विचारतात, "शास्त्रात दाखला आहे का?" म्हणून नाव दाखलाबाई. एकदा पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, समुद्र ओलांडून लोकांनी ओल्या पायांनी काठावर गाणं म्हटलं. तर या मागून, "कोरड्या. कोरड्या जमिनीवरून चालत गेले." पाळकसाहेबांनी तिथल्या तिथे सगळ्यांचे पाय पुसले.

"यंदा तुम्ही म्हणे," दाखलाबाई म्हणाल्या. "मी नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर असेन. शास्त्र उघडं ठेवून."

"हो का? बरं."

"ओळ न् ओळ बघते मी."

 घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघू दे की. शिकलेली बाई आहे."

गुरुवार, १३ मार्च

ओळ शोधते आहे. चष्मा बसवता बसवता गिऱ्हाइकांना विचारते, यंदा तुम्ही कशातून वाचलात? पोस्टमन म्हणाला, बायकोच्या भावाची बदली झाली. शिंपीणबाई म्हणाल्या, जिन्यावरून पडता पडता वाचले, पण मग पुढच्याच आठवड्यात पडले. एक आजोबा बराच वेळ विचार करून म्हणाले, "तुम्ही मागच्या वेळी दिलेल्या चष्म्यातून." आणि नवीन करून घेऊन गेले.

दुपारी पाळकसाहेब आले, जवळच्या चष्म्यासाठी. मी भिंगं बदलत होते. पहिलं बरं की दुसरं? आता कसं? मध्येच विचारलं, "साहेब, ही सगळी स्तोत्रं सारखी मागचंच का उगाळतात? समुद्र, समुद्र, समुद्र. एकदा आभार मानले की झालं ना? देव काही विसरत नाही."

"देव नाही विसरत," ते एका डोळ्यानं फळा वाचत म्हणाले. "मी आत आलो तेव्हा तुम्ही पहिलं काय विचारलंत?"

"तुमचा जुना नंबर."

"कशाला? मला तर नवा चष्मा हवा होता."

"जुना कळल्याशिवाय नव्याचा अंदाज येत नाही."

"बघा," ते म्हणाले, आणि खालच्या ओळीतली तीन अक्षरं चुकीची वाचली.

पाळकांना कुठल्याही गोष्टीचं प्रवचन करता येतं. तरी दुपारभर ते डोक्यात राहिलं. म्हणजे स्तोत्र म्हणणारा माणूस घाबरलेला असतो की काय? आधी जुना नंबर सांगतो, मग विचारतो, आता पुढे कसं?

जाऊ दे. मला ओळ हवी आहे, तत्त्वज्ञान नको.

बुधवार, १९ मार्च

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. त्यांना आत नेलं आहे.

सकाळी न्हाणीघरात त्यांची तालीम चालली होती. नळ पूर्ण सोडला होता, तरी ऐकू येत होतं. ज्यानं समुद्र दुभागला. मग थांबायच्या. मग पुन्हा ज्यानं समुद्र दुभागला. चार-पाच वेळा नुसता समुद्रच, पुढे जातच नव्हत्या. इतकं पाठ असलेलं स्तोत्र, पण विसरल्या असाव्यात. वयच झालं. मी बाहेरून हळूच पुढची ओळ सांगितली, तर आतून नळ बंद झाला आणि आवाज आला, "माहीत आहे मला!"

बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. साबण गेला असेल.

जाताना त्यांनी लग्नाची अंगठी काढून द्यायला हवी होती, ती बोटातून निघेना. नर्सनं वरून पट्टी चिकटवली. चष्मा मात्र माझ्याकडे दिला. "सांभाळ. शिळा असला तरी एकच आहे." हा टोमणा जुना. दुकानात खपत नव्हत्या अशा दोन काळ्या जाड फ्रेमा होत्या, एकीत मी त्यांचा चष्मा केला, दुसरीत माझा, जवळचं वाचायला. "दुकानात एवढ्या फ्रेमा, आणि सुनेनं मला उरलेली दिली." बाई, मीही तीच घातली ना?

गुरुवार, २० मार्च

गाठ निघाली. साधीच होती. आवाज नाही.

डॉक्टर म्हणाले नस शाबूत आहे पण सुजली आहे, वाट बघायची. आत्ता बोलायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. सासूबाईंनी मान हलवली आणि लगेच प्रयत्न केला. नुसती हवा आली, दाराच्या फटीतून येते तशी. त्यांनी डोळे मिटले.

मी म्हटलं, "आई, पलंग बघा, लोखंडी. ओगचा." डोळे न उघडता त्या हसल्या. मग अंगठीनं पलंगाच्या दांड्यावर वाजवलं. टक.

संध्याकाळपर्यंत भाषा तयार झाली. एकदा टक म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही. नर्सला वाटतं तिलाच बोलावतायत, ती दर दोन मिनिटांनी धावत येते.

सोमवार, २४ मार्च

त्या घरी आल्या. तालीम पुन्हा सुरू. आता तिसरी खूण निघाली आहे: सलग टकटकटकटक म्हणजे बेसूर. तपासायच्या खुर्चीच्या हाताला टवके उडाले आहेत.

दुपारी नणंद आली. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, तूच म्हण ना. माझी फजिती होणार."

"मी आईला कधीच विचारलं होतं, वहिनी."

"मग?"

"म्हणाली, तू सूर ऐकतेस, ती शब्द ऐकते."

"म्हणजे काय?"

"मला काय माहीत? तुझ्याबद्दल बोलत होती."

याचा अर्थ मला लागला नाही. बहुधा माझ्या सुराबद्दलच काहीतरी असेल.

बुधवार, २६ मार्च

आज लेक पंधरा वर्षांची झाली. केक कापला. आजीनं तिला टाळ्यांऐवजी अंगठी वाजवून दाखवली.

आजच्या दिवशी मला दर वर्षी तेच आठवतं आणि मी ते कोणाला सांगत नाही. लेक झाली शुक्रवारी, आणि त्याच रात्री मी बेशुद्ध पडले. खूप रक्त गेलं होतं. शुद्धीवर आले ती सोमवारी. मधल्या रविवारी चर्चचा वाढदिवस होता. नवरा माझ्याजवळ बसून होता, नणंद बाळाजवळ. आणि सासूबाई? सासूबाई पांढरी साडी नेसून गाणं म्हणायला गेल्या. नवऱ्यानं अगदी सहज सांगितलं होतं, "आई काल चर्चला जाऊन आली."

सून मरायला टेकली आहे आणि ही बाई समुद्र दुभागते आहे!

त्यांनी नंतर माझं बाळंतपण केलं, जीव लावला, सगळं खरं. तरी ते एक कुसळ आहे. इथे लिहिलं म्हणून निघतं असंही नाही.

शनिवार, २९ मार्च

ओळ मिळालेली नाही. यंदा कोणीच कशातून नीट वाचलेलं नाही, किंवा वाचलंय ते गाण्यात बसत नाही. मला एकच ओळ म्हणावीशी वाटते, पण ती झालेली नाही. सकाळी त्यांना दुधाचा पेला देताना विचारलं, "आवाज येतोय का थोडा?" टक, टक.

पान मोठ्या अक्षरात लिहून घेतलं आहे. मधे एक जागा कोरी. तिथे गेल्यावर बघू. पिशवीत पान, रुमाल, दोघींचे चष्मे.

रविवार, ३० मार्च

आज लिहिलंच पाहिजे.

चर्च भरलेलं. सासूबाई नणंदेजवळ दुसऱ्या बाकावर, गळ्याला रेशमी रुमाल. पहिल्या बाकावर दाखलाबाई, मांडीवर शास्त्र. मी निघताना सासूबाईंना त्यांचा चष्मा दिला, माझा घातला, आणि पुढे जाऊन उभी राहिले.

मी तोंडही उघडलं नव्हतं, तोच दुसऱ्या बाकावरून टकटकटकटकटक!

अजून सुरूसुद्धा केलं नाही आणि बेसूर? मला इतका राग आला, की भीती गेली. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ऑर्गन सुरू झाला. मी पान वर धरलं.

पानावर धुकं होतं.

जवळ धरलं, लांब धरलं. काळे ढग, पांढरे ढग. तेव्हा कळलं. दोन सारख्या फ्रेमा. जन्मभर लोकांना चष्मे वाटणारी बाई सासूचा चष्मा घालून देवासमोर उभी होती, आणि सासू माझा घालून मला टकटक करून तेच सांगत होती. चष्मा बदलायला खाली उतरावं तर ऑर्गन माझ्या ओळीशी येऊन ठेपला होता.

मग गायले. दुसरं काय करणार? आकाश आठवलं. पृथ्वी आठवली. सूर्य, चंद्र, तारे. मंडळी उत्तर देत होती, त्या उत्तराच्या वेळात मी पुढचं आठवत होते. गुलामी, समुद्र, रान. ओगला मारलं, मग सीहोनला. टकटकटक. आलं लक्षात, आता मेलाय तो. आम्ही खाली पडलो तेव्हा त्यानं आमची आठवण ठेवली.

"त्याची दया सरत नाही."

आणि पुढचं काही येईना. काहीच. माझ्याकडे ओळही नव्हती आणि त्याच्या पुढचं शास्त्रातलंही पार पुसून गेलं होतं. डोक्यात नुसता सासूबाईंचा आवाज होता, याच जागी वर्षानुवर्षं ऐकलेला. म्हणून जे ऐकू आलं ते म्हणाले.

"ज्यानं गच्चीवरून पडलेलं पोर ताडपत्रीवर झेललं—"

"त्याची दया सरत नाही," मंडळी पोपटासारखी म्हणाली.

माझं लग्न झालं त्या वर्षीची ओळ. ते पोर आता मिशा ठेवतं. ते तिसऱ्या बाकावरून ताडकन उभं राहिलं आणि आपण का उभे राहिलो हे न कळून तसंच राहिलं.

"ज्यानं बेकरीची आग भिंतीशी थांबवली—"

या वेळी उत्तर जरा दचकत आलं. बेकरीवाल्यानं टोपी शोधायला वर हात नेला; टोपी नव्हतीच.

"ज्यानं पाळकांच्या घशातला माशाचा काटा खाली उतरवला—"

पाळकसाहेबांनी गळ्याला हात लावला आणि सगळ्यात मोठ्यानं उत्तर दिलं. आता लोक हसत होते आणि ऐकत होते. मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ऑर्गनवाल्या बाईंचा निघून गेलेला मुलगा परत आला होता ती ओळ आली, तेव्हा ऑर्गन थोडा वेळ थांबला.

आणि मग मी अडले. कारण पुढचं वर्ष ते होतं. त्या वर्षी मी इथे नव्हते.

 दाखलाबाईंनी शास्त्र मिटलं. इतक्या मोठ्यानं मिटलं की मला वाटलं, संपलं. त्या उभ्या राहिल्या आणि प्रार्थनेच्या तासाला वर्गासमोर म्हणावं तशा सरळ आवाजात गायल्या:

"ज्यानं दारापर्यंत गेलेली आमची सून मागे वळवली—"

"त्याची दया सरत नाही."

सगळे म्हणाले. मी म्हणू शकले नाही. मी बोटांवर मोजत होते. शुक्रवार, शनिवार, रविवार. पण मी तर सोमवारी शुद्धीवर आले. रविवारी मी कुठे वळले होते? झालेलंच म्हणायचं, असा नियम होता ना? कोणाचा नियम होता?

दुसऱ्या बाकाकडे पाहिलं. त्यांच्या चष्म्यातून मला नुसता एक पांढरा डाग दिसत होता आणि त्यावर रेशमी रुमालाचा निळा ठिपका.

मग यंदाची ओळ आली. शोधावी लागली नाही. ज्यानं, मी म्हटलं, आणि सूर कुठे गेला देव जाणे, "ज्यानं आमच्या आईंचा आवाज परत दिला—"

टक, टक. लगेच. चर्चभर ऐकू आलं. नाही, अजून नाही, नियम नियम आहे.

पण मंडळी तोवर म्हणून मोकळी झाली होती.

चहाच्या वेळी दाखलाबाईंजवळ गेले. म्हटलं, "तुम्हाला सगळ्या ओळी माहीत होत्या?"

"शास्त्र उघडं धरून बसणाऱ्याला शास्त्राबाहेरचं लगेच दिसतं. आणि शिक्षकाला चुकाच लक्षात राहतात."

"मग कधी बोलला का नाहीत?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "त्या वर्षी बोलणार होते. शास्त्राबाहेरचं, आणि वर न झालेलं. तुम्ही कशा होतात ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. गाताना तुमच्या सासूबाईंचे गुडघे थरथरत होते, पहिल्या बाकावरून दिसतं. सोमवारी सकाळी त्यांच्याकडे जाब विचारायला निघाले, तर वाटेतच कळलं की तुम्ही शुद्धीवर आलात." त्या चहा प्यायल्या. "मग काय विचारणार?"

घरी येऊन मी सासूबाईंचा चष्मा पुसून त्यांना दिला आणि माझा मागितला. त्यांनी तो आधीच काढून पदरानं पुसून ठेवला होता. मला खूप काही विचारायचं होतं. पण त्यांना बोलायची मनाई आहे, आणि एवढ्या सगळ्याला टक एकदा की दोनदा?

म्हणून दूध गरम करून दिलं.

सोमवार, २१ एप्रिल

मधले दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. वाट बघणं कसं लिहिणार?

आज सकाळी मी मागच्या खोलीत भिंगं पुसत होते आणि सवयीनं गुणगुणत होते. सासूबाई तपासायच्या खुर्चीत पेपर वाचत होत्या. मी राजांपाशी पोचले आणि मागून एक आवाज आला. गंजलेली फ्रेम उघडताना येतो तसा, जाडा, खरखरीत. मला वाटलं दुकानात कोणी पुरुष आला.

"सीहोन आधी," तो आवाज म्हणाला. "मग ओग."

हातातलं भिंग खाली पडलं. फुटलं नाही.

 त्यांनी पुन्हा बोलून पाहिलं, यावेळी माझं नाव घेऊन. मग हसल्या, आणि ते हसूसुद्धा घोगरं होतं. दुपारी डॉक्टर म्हणाले, बोलतील आता, पण गातील असं सांगता येत नाही. सासूबाई म्हणाल्या, "गायला माणूस आहे." बसमध्ये म्हणाल्या, "बेसूर आहे, पण आहे."

संध्याकाळी चहा घेताना मी म्हटलं, "आई, माझी ओळ आता झालेली झाली की नाही?"

त्यांच्याकडे आता आवाज होता. तरी त्यांनी कपाच्या काठावर अंगठी वाजवली. एकदाच.

मग थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षीची सापडली का गं?" मी म्हटलं, "सांगायची नाही, नियम आहे." त्यांना आवडलं नाही. मला फार आवडलं.

ओळ सापडली आहे. इथेही लिहीत नाही.